हेडविग, इरावती आणि किरण

जर्मन मुलींच्या जुन्या नावांमध्ये लढाई फार. हिल्डेगार्डमधला ‘हिल्ड’ म्हणजे युद्ध. माथिल्डे म्हणजे सामर्थ्य आणि युद्ध. गेर्ट्रूडच्या हातात भाला, ब्रुनहिल्डेच्या अंगावर चिलखत. हेडविगचे तर दोन्ही तुकडे युद्धाचेच. एक लढाई संपली की दुसरी सुरू. पुण्यातली पोरं हेडविगला ओळखतात ती हॅरी पॉटरची पांढरी घुबडीण म्हणून. तिच्या नावात एवढी रणधुमाळी आहे हे कळल्यावर ती भलतीच खूश होतात.

हा विषय यंदा आमच्या घरात आला तो भाचीमुळे. ती श्टुटगार्टजवळ असते, नवरा तिकडचा, आणि बाळ यायला आता फार दिवस नाहीत. मुलगी होणार हे तिथे आधीच सांगतात. नाव शूर अर्थाचं हवं, आणि तिथल्या आजीला जमेल तसंच इथल्या आजीलाही उच्चारता यायला हवं, एवढी तिची अट. ‘‘मावशी, तू रानडेत जर्मन शिकलीस ना? मग काढ की यादी!’’ म्हणून तिनं काम माझ्या गळ्यात घातलं. पुण्यात अशा मावश्या पुष्कळ सापडतील. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन आणि चाकणचे कारखाने यांच्यामुळे इथल्या पेठांतही ‘डेर-डी-डास’ पाठ म्हणणारं कुणी ना कुणी निघतंच.

यादी झाली लवकर. पण ती करताना एक शंका येत राहिली. ज्या समाजात रणांगणावर पुरुषच जात होते, तिथे मुलींच्या नावात इतके भाले आणि चिलखतं कशाला?

याचं उत्तर नावं घडवण्याच्या रीतीत आहे. जुने जर्मन लोक नाव दोन तुकड्यांचं करत, आणि ते तुकडे घराण्यातून येत. हिल्डेब्रांडचं जे जुनं वीरकाव्य आहे, ज्याची नवव्या शतकातली दोनच पानं आज कासेल शहरात जपून ठेवली आहेत, त्यात आजोबा हेरिब्रांड, बाप हिल्डेब्रांड आणि मुलगा हाडुब्रांड. शेवट तोच, सुरुवातीचा आवाजही तोच. मुलींची गोष्टही अशीच. आजीच्या लुगड्याचा एक तुकडा आणि आत्याच्या लुगड्याचा दुसरा जोडून गोधडी शिवावी, तसा एकीचा ‘हिल्ड’ आणि दुसरीचा ‘गुंड’ घेऊन मुलीचं नाव तयार व्हायचं. पोर कोणाची हे त्यातून कळावं, हा हेतू. तिनं भाला फेकावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्यामुळे हेडविगचा अर्थ ‘लढाई-लढाई’ असा लावणारे आपण उगीच कोड्यात पडतो. ठेवणाऱ्यांनी तो तसा लावलेलाच नव्हता.

नेमका ‘शूर’ हा अर्थ सांगणारे तुकडे पाहिले तर ते बहुतेक पुरुषांच्या नावांत आहेत. बर्नहार्ड म्हणजे अस्वलासारखा कणखर. त्याला शेपूट लावून बर्नहार्डिने. फेर्डिनांडमधला ‘नांड’ म्हणजे धाडस; त्याची फेर्डिनांडे. आपणही विजयची विजया आणि अजितची अजिता केलीच की. शौर्य आधी मुलाला द्यायचं आणि मग उरलंच तर काना लावून मुलीला, हा हिशेब ऱ्हाइनच्या काठी काय अन् मुठेच्या काठी काय, सारखाच दिसतो.

आणि ज्या खरोखर शूर निघाल्या त्यांची नावं? ताराबाईंच्या नावात चांदणी आहे. राजाराम महाराज १७०० मध्ये गेल्यावर पुढची सात वर्षं औरंगजेबाला दाद न देणाऱ्या बाईला घरच्यांनी काही रणचंडी नाव ठेवलं नव्हतं. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, म्हणजे कानातला दागिना, आणि काशीचा एक घाट. जर्मनांकडे सोफी शोल. १८ फेब्रुवारी १९४३ ला भावासोबत म्युनिकच्या विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रकं टाकताना ती पकडली गेली आणि चारच दिवसांनी तिचा शिरच्छेद झाला. वय एकवीस. सोफी हे नाव मुळात ग्रीक, त्याचा अर्थ शहाणपण. तिच्या काळातल्या शहाण्या माणसांनी गप्प राहण्याला शहाणपण म्हटलं होतं, हे आलंच.

अपवाद नाहीत असं नाही. बिंगेनची हिल्डेगार्ड ही मठवासिनी ऐंशीच्या घरात असताना माइन्ट्सच्या धर्माधिकाऱ्यांशी भांडली. मठाच्या आवारात पुरलेल्या एका सरदाराचं प्रेत उकरून बाहेर काढा, असा त्यांचा हुकूम होता. तिनं तो मानला नाही. उलट कबर कुणाला सापडू नये म्हणून तिच्यावरच्या खुणा पुसून टाकल्या. मठावर बंदी आली, गायन थांबलं. पण ११७९ मध्ये तिच्या मृत्यूआधी ती बंदी उठवावी लागली. नावातल्या ‘हिल्ड’चं इथे थोडंफार चीज झालं म्हणायचं.

पण भाचीला मी फोनवर जास्त वेळ जिच्याबद्दल सांगितलं ती पुण्याची. इरावती कर्वे. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील तिथे नोकरीला होते, आणि नाव ठेवलं तिथल्या नदीवरून. शिक्षणासाठी पुण्यात आली ती हुजूरपागेत. पुढे महर्षी कर्व्यांची सून झाली, आणि १९२८ मध्ये बर्लिनला निघाली. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना हे जाणं पसंत नव्हतं. पैशांची सोय जीवराज मेहतांच्या कर्जातून झाली. नवऱ्यानं पाठिंबा दिला आणि ती गेली.

बर्लिनमध्ये तिचे मार्गदर्शक होते ओयगेन फिशर, कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटचे संचालक. ओयगेन या नावाचा मूळ अर्थ ‘चांगल्या कुळातला’. हा माणूस वंशशुद्धीच्या शास्त्रातला मोठा अधिकारी. त्याच्या संस्थेची विद्या पुढे नाझींनी वापरली. नावाचा अर्थ माणसाला इतका तंतोतंत लागू पडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. त्यानं इरावतींना कवट्या मोजायला दिल्या. कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, तर हा फरक वंशानुसार बदलतो का, हा विषय. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवण त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचा पुरावा ठरावी, अशी गुरूंची अपेक्षा. इरावतींनी मोजमापं घेतली आणि लिहिलं की वंशाशी याचा संबंध दिसत नाही. परका देश, उसने पैसे, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच मताविरुद्ध निष्कर्ष. गुण कमी मिळाले; पदवी मिळाली.

मला या धाडसाचं अप्रूप वाटतं ते त्याच्या साधेपणामुळे. त्यात घोषणा नाही. आकडे जे सांगतात ते लिहिलं, बस्स. पुढे पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात, ‘युगान्त’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, डेक्कन कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. पण माझ्या लेखी त्या कवट्यांपुढे बाकी सगळं नंतर. आणि या बाईंनी आपल्या मुलींची नावं काय ठेवली? जाई आणि गौरी.

नावानं शूर होता येत नसेल, पण नावानं माणूस मोडू शकतो, हे मात्र नाकारता येत नाही. साताऱ्यात मुलीमागून मुली झाल्या की पुढच्या मुलीला नकोशी किंवा नकुसा म्हणत. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं समारंभ करून अशा २८५ मुलींची नावं बदलली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. शाळेत हजेरी होताना रोज ‘नकोशी’ला ‘हजर’ म्हणायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी परत शाळेत जायचं. यापुढे माथिल्डेचं सामर्थ्य काय घेऊन बसलात!

भाचीला हे पटलं, पण तिची अडचण व्यवहाराची होती. जर्मनीत बाळाच्या जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते आणि नावासाठी फार रेंगाळता येत नाही. आपल्याकडे जन्मदाखल्यात नाव घालायला वर्षभर वेळ मिळतो, शुल्कही लागत नाही. उशीर झाला तर पंधरा वर्षांपर्यंत सोय आहे. बारशाच्या दिवशी आत्या कुर्रर्र करून नाव सांगेपर्यंत तिकडची मुदत उलटून गेलेली असेल.

शिवाय उच्चार. जर्मन माणूस रोमन ‘जे’ला ‘य’ म्हणतो. म्हणजे आपली जया तिकडे याया, आणि जिजा यिया. शहाजीराजांच्या पत्नीचं नाव ठेवायचं आणि बालवाडीत यिया म्हणून हाक ऐकायची, हे भाचीच्या जिवावर आलं. उलट ‘डब्ल्यू’चा उच्चार तिकडे ‘व’, त्यामुळे इरावती जशीच्या तशी राहते.

मग तिनं विचारलं, ‘‘किरण चालेल का?’’ मी हसले, कारण या नावानं जर्मनीत कोर्ट गाठलं होतं. मुलीचं नाव किरण ठेवायला नोंदणी कार्यालयानं हरकत घेतली: यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, जोडीला स्पष्ट बायकी नाव द्या. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि ५ डिसेंबर २००८ ला निकाल लागला, की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. किरण मोरे आणि किरण बेदी यांना एकाच दमात ओळखणाऱ्या आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

सध्या यादीत तीन नावं उरली आहेत: माथिल्डा, इरावती आणि किरण. माथिल्डा तिकडे पुन्हा पाळण्यात दिसू लागलंय, म्हणून जावईबापूंचा कल तिकडे. तिकडच्या आजीचं स्वतःचं नाव लढाईचंच. तिला म्हणे नातीसाठी काहीतरी शांत हवं आहे. इकडची आजी, म्हणजे माझी बहीण, तिन्ही नावांना तयार आहे. फक्त माथिल्डाची लाडानं हाक मारायची वेळ आली की ‘माथी’ होणार, आणि सकाळ-संध्याकाळ नात कुणाच्या तरी माथी मारली जाणार, एवढीच तिची तक्रार आहे.