फोन ठेव, पैसे जातायत!

दादा दुबईला निघाला तेव्हा आम्ही निर्धास्त. व्हॉट्सअ‍ॅप आहे की! तिथे पोहोचल्यावर कळलं, मेसेज जातात, कॉल लागत नाही. यूएईत इंटरनेट कॉलिंगवर सरकारी निर्बंध आहेत. स्काइप तर मे २०२५मध्ये कायमचंच बंद झालं. उरला साधा आयएसडी. तिथली मोबाइल कंपनी आपला कॉल दादापर्यंत पोहोचवायचे पैसे मिनिटावर घेते आणि ते फिरून आपल्याच बिलात येतात. पहिलं बिल बघून मी कॅन्टीनचा चहा सोडला. (चार दिवसच!)

मग लंच टाइममध्ये रिसर्च. आयएसडी पॅक घेतला, दर उतरला. पण आईच्या डोक्यातलं मीटर काही थांबेना. एकेकाळी पिवळ्या पाटीच्या बूथवर, पळत्या लाल आकड्यांकडे बघत बोलायची सवय ती! ‘सगळं ठीक. जेवलास ना? ठेव, पैसे जातायत.’ दोन मिनिटांत खेळ खलास.

शेवटी दादानेच बोटिम सुचवलं. तिथे चालणारं अ‍ॅप, आपल्याकडे खर्च फक्त नेटचा. दुबई दीड तास मागे, म्हणून रात्री साडेदहाची वेळ ठरली. पहिल्याच दिवशी आई पाऊण तास बोलली. भिशी, वांग्याचं भरीत, कामवालीच्या सुट्ट्या... आणि चाळिसाव्या मिनिटाला, अगदी सहज, ‘डाव्या डोळ्याने अंधुक दिसतंय रे. दोन महिने झाले.’

मी शेजारीच बसले होते. एकाच घरात राहतो आम्ही. मलाही माहीत नव्हतं.