सौद्यातली नजर आणि प्रयोगशाळेचा आकडा

शिराळ्यातून निर्यात सुरू करणाऱ्याने आधी माल ठरवावा; परवान्याचे मागाहून पाहता येते. चांदोलीकडच्या पावसाळी पट्ट्यात भात, वारणा-मोरणेच्या काठाने ऊस आणि खाली वाळवा-मिरजेकडे हळद, असा हा मुलूख आहे. यांतला तांदूळ नवख्याच्या कामाचा नाही. २०२३ च्या जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली आणि ती पुन्हा खुली व्हायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. साखरेवरही असेच निर्बंध येत-जात असतात. पहिलेच भांडवल अशा मालात गुंतवून दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहत बसणे परवडत नाही. हळद त्या मानाने मोकळी, टिकाऊ आणि सांगलीच्या पेठेमुळे वर्षभर मिळणारी. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

सांगलीच्या सौद्यात हळद डोळ्यांनी आणि हातांनी जोखली जाते. हळकुंड लांब, जाड, चांगले पॉलिश झालेले असले की बोली चढते. गड्डा आणि कणी मागे राहतात. इथल्या राजापुरी हळदीने नाव कमावले ते बरेचसे याच गुणांवर. ही नजर कमवायला वर्षे लागतात आणि ती खोटीही नाही. मात्र अर्क काढणाऱ्या परदेशी कारखान्याला हळकुंडाच्या लांबीशी काही देणेघेणे नसते. तो कर्क्युमिन किती टक्के एवढेच विचारतो, आणि त्या हिशेबात मेघालयातली लाकाडाँग हळद राजापुरीच्या बरीच पुढे जाते. आखातातला किराणा व्यापारी मात्र अजूनही अखंड, झळझळीत हळकुंडच मागतो. म्हणजे खरेदीला उतरण्यापूर्वी गिऱ्हाईक कोणत्या जातीचे आहे हे ठाऊक असले पाहिजे. एकाला भारी वाटणारा माल दुसऱ्याला उगाच महाग पडतो.

गुळाचे तर याहून उलटे आहे. पेठेत पिवळाधमक गूळ चढ्या भावाने जातो आणि तो रंग यावा म्हणून गुऱ्हाळावर हायड्रॉस पावडर पडते. तोच गूळ तपासणीत गंधकाच्या अंशापायी अडकतो. काळपट, बिनरसायनी गूळ, ज्याला इथे कुणी फारसे विचारत नाही, त्याला बाहेर मागणी असते.

तेव्हा निर्यातीचा पहिला खरा खर्च प्रयोगशाळेचा. हळदीतला ओलावा दहा ते बारा टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, आणि बुरशीतून येते अफ्लाटॉक्सिन. युरोपीय संघात हळदीतील अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आहे, एकूण अफ्लाटॉक्सिनची १०. हा दोष व्यापाऱ्याच्या गोदामात कमी आणि शेतकऱ्याच्या खळ्यावर जास्त तयार होतो: शिजवलेली हळद मातीवर वाळत घातली, वळवाचा एखादा सडाका बसला, वरवर वाळताच पोती भरली. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवणाऱ्या चार शेतकऱ्यांशी आधीच बोलणी करून ठेवणारा निर्यातदार सौद्यातून नमुने पारखून घेणाऱ्यापेक्षा निर्धास्त असतो. दुसरी भीती रंगाची. झळाळीसाठी वापरलेल्या लेड क्रोमेटचे शिसे एका चाचणीत उघडे पडते, आणि मग बिलावर ज्याचे नाव त्याच्या गळ्याला फास.

याची सर्वांत मोठी शिकवणी द्राक्षवाल्यांना मिळाली. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि हंगाम आतबट्ट्याचा झाला. बागेची नोंदणी आणि मालाचा मागोवा ठेवणारी, शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची म्हणजे अपेडाची ग्रेपनेट प्रणाली तेव्हा चालू होतीच. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत जे नव्हते, तेच नडले. खरेदीदाराच्या देशाची ताजी यादी मागून घेणे म्हणूनच चांगले.

कागदपत्रांचा बाऊ उगाच केला जातो. पॅन, चालू खाते, जीएसटी नोंदणी आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी. तो ५०० रुपये भरून ऑनलाइन मिळतो आणि पॅन क्रमांक हाच संकेतांक असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत केली नाही तर तो निष्क्रिय होतो. हळदीसाठी मसाले मंडळाची नोंदणी, खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयचा परवाना, आणि परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा एडी कोड बंदरावर नोंदवणे एवढे जोडले की चौकट पुरी होते. गावाचे नाव आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग मात्र सगळीकडे एकच हवे. कुठे शिराळा, कुठे बत्तीस शिराळा अशी सरमिसळ झाली की पुढे बँक बोट ठेवते.

दर सांगताना सौद्याचा भाव हा निम्माच हिशेब. अडत, हमाली, तोलाई, निवडणी, बारदान, पेठ नाक्याहून महामार्गाने न्हावा शेवापर्यंतचे भाडे, सीमाशुल्क दलालाची (सीएचए) फी, टर्मिनलचे शुल्क, चाचणी आणि बँकेची कात्री एवढे मिळवल्यावर एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा, दर निघतो. पहिल्या खेपेला एफओबीच बरा. सीआयएफ दिला की जहाजाचे भाडे आणि विमा गळ्यात पडतात, आणि जहाजाचे भाडे सांगलीत बसून कळत नाही. रोडटेपसारख्या परताव्याला नफ्यात धरू नये. आला तर वरकमाई.

सगळ्यांत जपायचे ते पैशाला. ओळख नसताना उधारीवर माल धाडणे म्हणजे समुद्रात टाकणे. तीस टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या पावतीची, प्रत पाहून, ही रीत रूढ आहे. मूळ प्रती हातात असेपर्यंत मालावरचा ताबा सुटत नाही. लेटर ऑफ क्रेडिट अधिक सुरक्षित खरे, पण त्यात बँका माल पाहत नाहीत, फक्त कागद पाहतात. वजनात किंवा तारखेत तफावत निघाली की उत्तम हळदीचेही पैसे अडतात. १९५७ पासून काम करणाऱ्या ईसीजीसीकडून खरेदीदाराची पत तपासून विमा उतरवता येतो. हप्ता वाचवण्याचा मोह इथे नको. आपल्या नावाने बँक खाते बदलल्याचा ईमेल आला तर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, हे खरेदीदाराला आधीच सांगून ठेवावे. पैसे आले, ते आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र म्हणजे ई-बीआरसी निघाले आणि बँकेच्या नोंदीत शिपिंग बिल बंद झाले, की ती खेप संपली.

आयातीला हाच आयईसी चालतो, फक्त पैशाची दिशा उलटी होते: बिल ऑफ एन्ट्री, सीमाशुल्क, त्यावर आयजीएसटी, आणि माल सुटेपर्यंत बंदरावर चढणारे विलंबशुल्क. हळद निवडणारे रंगवर्गीकरण यंत्र बाहेरून आणायचे झाल्यास ईपीसीजी योजनेत सीमाशुल्क माफ होते. बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते, नाहीतर शुल्क व्याजासह भरावे लागते. त्यामुळे दोन-तीन खेपांचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत निवडणीचे काम दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरी देऊन करून घेतलेले बरे.