अंगणापुरता आवाज

चि. सोनूस,



तुझा फोन आल्यापासून डोक्यात तुझं अंगणच आहे. ताईला संध्याकाळी सोनचाफ्याखाली बसून नाट्यगीतं ऐकता यावीत, म्हणून बागेत स्पीकर बसवायचे म्हणालीस. मला फार बरं वाटलं. जन्मभर तिनं गाणं ऐकलं ते स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधून. तिला हे मिळायलाच हवं. पण दुकानदारानं सुचवलेले ते दोन मोठे टॉवर घेऊ नकोस. माझी इतकी वर्षं मंडपातल्या आवाजात गेली, म्हणून हक्कानं सांगतोय.

खोलीतला आवाज भिंती परत आणून देतात. जोगेश्वरीच्या लेण्यात देवीपुढची घंटा वाजली की कातळात आवाज किती वेळ घुमत राहतो, आठव. अंगणात वर आभाळ असतं, तिथून काही परत येत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे घराच्या भिंतीला लावलेल्या स्पीकरपासून ८ मीटरवर ताई बसली आणि तिच्या कानाशी ६५ डेसिबल हवे असतील, तर स्पीकरच्या समोर १ मीटरवर ८३ लागणार. तिच्या मागं कंपाउंड, आणि कंपाउंडच्या पलीकडं हाताच्या अंतरावर शेजाऱ्यांची खिडकी. ताईला जेवढं ऐकू येईल, जवळपास तेवढंच त्यांनाही. त्यांच्या घरी दहावीचा मुलगा असेल, आजारी माणूस असेल. त्यांनी ते का ऐकावं?

म्हणून मोठे दोन नकोत, छोटे सहा घे. बागेला पाणी घालताना आपण एका जागी बादली उपडी करत नाही, झाडागणिक तांब्या घालतो. आवाजाचंही तसंच करायचं. ताईपासून २ मीटरवर स्पीकर असेल तर त्याच ६५ साठी त्याच्यासमोर १ मीटरवर ७१ पुरतात. जोगेश्वरी स्टेशनच्या फलाटावर बघ, एकच भलामोठा भोंगा नसतो, छपराखाली ओळीनं छोटे स्पीकर असतात. प्रत्येकानं आपापल्या पायाखालचा तुकडा सांभाळायचा.

ते लावायचे कंपाउंडच्या बाजूला, पाठ शेजाऱ्यांकडे आणि तोंड आपल्या घराकडे. उंची गुडघ्याएवढी, तोंड किंचित खाली. आपल्याच इमारतीची भिंत आवाज वर फेकते आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या बाल्कनीत तो नेमका पोचतो, म्हणून खाली झुकवणं महत्त्वाचं. कुंपणाला मेंदी दाट वाढवली की आवाज अडेल, असं कुणी सांगेल. पानं नजर अडवतात, आवाज फारसा नाही.

हल्ली बागेसाठी दगडासारखे दिसणारे स्पीकर मिळतात आणि जमिनीत पुरायचा, फक्त छत्रीसारखं तोंड वर ठेवणारा सबवूफरही मिळतो. दगडाचे आवडले तर घे. सबवूफर मात्र नको. खालचा घुमारा भिंतींना जुमानत नाही, आणि आपल्याकडे घरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की तो शेजाऱ्यांच्या पलंगापर्यंत जाईल. ताईला ऐकायचेत बालगंधर्व. त्यांच्या तबकड्या मुळात मोनोच, आणि त्यांचा सगळा जीव मधल्या स्वरांत. त्यामुळे सहाही स्पीकरमधून एकच, मोनो आवाज सोड. नाहीतर डाव्या-उजव्या विभागणीत पेटी जास्वंदीपाशी आणि गाणारा नळापाशी, अशी गत होते.

जोडणी १०० व्होल्टच्या लाइनवर कर. अहुजाच्या साध्या अँप्लिफायरच्या मागं स्क्रूचे टर्मिनल असतात, त्यात ४, ८, १६ ओमबरोबर ७० आणि १०० व्होल्टही लिहिलेलं दिसेल. मंडपवाले लांबवर भोंगे नेतात ते याच जोरावर. व्होल्ट जास्त म्हणून करंट कमी, करंट कमी म्हणून लांब तारेतही आवाज मरत नाही. प्रत्येक स्पीकरला लाइन ट्रान्सफॉर्मर हवा, त्यावर ५ किंवा १० वॉटची निवड असते. तू ५ वर ठेव. सहा पाचे तीस, अँप ६० वॉटचा घे, दमणार नाही. उद्या ताईच्या बाजूचा एकच स्पीकर वाढवावासा वाटला तर त्याचाच स्क्रू १० वर न्यायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

आता पाऊस. आपल्याकडे चार महिने तो आडवा येतो, आणि वर्सोव्याची खारी हवाही फार लांब नाही. साधा कागदी कोनाचा स्पीकर एका पावसाळ्यानंतर उघडला तर आत काय दिसतं, मी पुष्कळदा पाहिलंय: कोनाच्या कडेवर पांढरी बुरशी, मधला कागद पोपडा सुटावा तसा उललेला, तारेच्या टोकावर हिरवा थर. बोटानं हलकेच दाबलं तरी भोक पडतं. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा कोन, रबराची कड, पाणी-धूळ अडवणारा निदान आयपी ६५ दर्जा आणि स्टेनलेसचे स्क्रू, एवढं विचारूनच घे. तार पीव्हीसीच्या पाइपातून ने, घुशी उघडी तार ठेवत नाहीत. जमिनीखाली एकही जोड नको, सगळे जोड वर, डब्यात. डब्यात शिरण्याआधी तारेला खाली झोल दे, म्हणजे पाणी तिथंच गळून पडेल. अँप घरातच राहू दे, आणि त्याच्या लाइनवर वीज गळली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याची वायरमनकडून खात्री करून घे.

खणण्याआधी सोसायटीला पत्र दे. अंगण तुझ्या दारात असलं तरी इमारतीभोवतीची मोकळी जागा बहुतेक ठिकाणी सोसायटीचीच असते, आणि खाली गॅसचा पाइप, विजेची केबल काय काय गेलेलं असतं. ते सेक्रेटरींना विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

कायदाही नीट समजून घे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खाजगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून ५ च जास्त चालतो. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावायचाच नाही. या शांततेसाठी डॉ. यशवंत ओक १९८० च्या दशकात हायकोर्टात गेले. मंडपवाले आम्ही तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो, पण आज मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. हायवेचा आणि लिंक रोडचा गोंगाट मुळातच मोठा आहे, त्याच्यावर गाणं चढवायचा हट्ट धरू नकोस. तू संध्याकाळी सात वाजता लाव आणि नऊला बंद कर. ताई तशीही नऊला जेवते.

स्पीकर आधी नुसते ठेवून, तार वरून टाकून दोन-तीन संध्याकाळी वाजवून बघ. शेजारच्या काकूंना सांगून त्यांच्या खिडकीत उभी राहा. शब्द कळत असतील तर आवाज उतरव, आणि जिथं कळेनासे होतात तिथं अँपच्या बटणाजवळ नेलपॉलिशची खूण कर. मग पक्कं बसव.

हे सगळं सामान घ्यायला लॅमिंग्टन रोडला मी बरोबर येतो, एकटी जाऊ नकोस. ट्रान्सफॉर्मर उघडून बघितल्याशिवाय घ्यायचा नसतो. आणि चर खणून झाला तरी मी येईपर्यंत बुजवू नकोस. पाइप कुठून वळवलाय ते मला बघायचंय.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा