हवा कोठून शिरते?

ज्याच्या अंगणात दुचाकी उभी नाही असे घर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आता क्वचितच आढळेल. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ साली बाजारात आली. तिचा कारखाना आपल्याच नगरास होता. तेव्हा इंजिनाचा आवाज आपल्या कानांस नवा नाही. तथापि गाडी चालविणे आणि तिचे दुखणे ओळखणे या दोन गोष्टी भिन्न होत. दुसरी गोष्ट थोड्यांस साधते, आणि ती साधावी कशी, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझ्याकडे वडिलांची एक सिलिंडरची जुनी मोटरसायकल आहे. तेही शिक्षक होते. तिच्यावर बसूनच त्यांनी वर्षानुवर्षे खेड्यांतील शाळा गाठल्या. गेल्या उन्हाळ्यात तिची प्रकृती बिघडली. चोक ओढल्याखेरीज ती सुरू होईना. चौकात थांबली असता कधी बंद पडे, तर कधी एक्सलरेटरची मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन आपणहून रेस धरून राही. उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरातून फटाके फुटल्यासारखे आवाज निघत. इमामपूरच्या घाटात पाठीशी मुलगी बसलेली, मागून मालमोटारी येत असलेल्या, आणि अशा वेळी गाडीने मिस मारावे, ही गोष्ट बापाच्या जिवास घोर लावणारी होती. एका मिस्त्रींनी सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालावयास सांगितले. तो खर्च मला सहज झेपणारा नव्हता. घरची मंडळी म्हणू लागली, “आता ती भंगारात द्यावी.”

अशातच एके दिवशी शाळेच्या आवारात गाडी सुरू करीत असता नववीतील एक अबोल विद्यार्थी जवळ येऊन उभा राहिला. थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, “सर, चोक ओढला की ती शहाण्यासारखी का चालते?” या एका प्रश्नाने आमच्या शोधाची दिशा ठरली.

चोक हवेचा मार्ग अडवितो. त्यामुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढते. तेव्हा जे इंजिन चोकने सुधारते, त्यास एक तर पेट्रोल कमी मिळत असते किंवा हवा अधिक. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास थोडी कमी. हे प्रमाण राखणे हे कार्ब्युरेटरचे काम. अरुंद मार्गातून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो, हे तत्त्व इटलीच्या व्हेंचुरी या शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात विशद केले. त्या उतरलेल्या दाबामुळेच जेटमधून पेट्रोल वर येते. परंतु कार्ब्युरेटरच्या पुढच्या सांध्यातून चोरवाटेने जी हवा शिरते, तिचा हिशेब त्यास लागत नाही.

आम्ही एक नियम केला : एका वेळी एकच गोष्ट तपासावयाची. प्रथम स्पार्क प्लग काढला. त्याचे टोक तांबूस असावयाचे, ते पांढुरके झाले होते. म्हणजे आत हवा अधिक जात होती. जेट उघडून पाहिला, तो स्वच्छ होता. टाकीतून पेट्रोलची धार नीट येत होती. पॉइंट व टायमिंग यांतही काही उणे नव्हते. शेवटी गाडी उघड्यावर स्टँडवर लावली, इंजिन स्लोवर ठेवले, आणि साबणाचे पाणी ब्रशाने एकेका सांध्यास लाविले. कार्ब्युरेटर व सिलिंडर जोडणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या अंगास पाणी लागताच ते आत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलला. नळी काढून वाकविली, तो केसाएवढी चीर दिसली. उष्णतेने व वयाने रबर कडक होऊन ती पडली होती. (या कामी पाण्याऐवजी पेट्रोल शिंपडण्याची रीत कोठे कोठे आहे, तीत आगीचे भय असते, तेव्हा कोणीही तसे करू नये.)

नवी नळी थोडक्या पैशांत आली आणि गाडी पूर्ववत चालू लागली.

हा दोष वेगात का जाणवत नसे? मूठ मिटलेली असता कार्ब्युरेटरमधून येणारी हवा थोडी, आणि इंजिनाची ओढ मात्र तीव्र असते. म्हणून चोरहवेचा वाटा मोठा ठरतो. मूठ उघडली की मुख्य प्रवाह इतका वाढतो की ती त्यात लपून जाते. स्लोचा स्क्रू फिरवूनही हे दुखणे झाकता येते. पण चीर वाढतच राहते, इंजिन अधिक तापते, पिस्टन जाम होण्याचा संभव असतो, आणि आपल्या रस्त्यांची धूळ गाळणीस चुकवून थेट सिलिंडरात जाते. लूनासारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर क्रँककेसच्या जुन्या ऑइल सीलमधूनही अशी हवा शिरते. आम्ही नुसता पिस्टन बदलला असता, तर तोही त्याच हवेने तापला असता.

पालकांस एवढीच विनंती की, घरची गाडी दुरुस्त होत असताना मुलामुलींस जवळ उभे राहू द्यावे व प्रश्न विचारू द्यावेत. पुस्तकात वाचलेला दाब तेथे कानांनी ऐकू येतो. तो विद्यार्थी वर्गात अजूनही थोडेच बोलतो. परंतु परवा विज्ञानाच्या तासास हवेच्या दाबाचा विषय निघाला, तेव्हा तो आपणहून उठला, फळ्यावर ती नळी व तिची चीर काढली, आणि सबंध वर्गास तो धडा त्यानेच समजावून दिला.