मी डुप्लिकेटची वकिली सोडली

डुप्लिकेट खेळण्यांची बाजू घेऊन मी अहमदपुरात इतक्यांशी वाद घातले आहेत, की पक्ष बदलला हे आता जाहीरच सांगितलेलं बरं. संग्रह मात्र सोडलेला नाही. घरातलं एक लोखंडी कपाट अजूनही जत्रेतल्या बाहुल्यांनी भरलेलं आहे. त्यात निळा हल्क आहे, छातीवर वटवाघूळ आणि खांद्यावर सुपरमॅनचं लाल उपरणं मिरवणारा एक अनामिक वीर आहे, आणि शक्तिमानच्या कपड्यातला, पण चेहऱ्याने साफ परदेशी असा एक गृहस्थही आहे. सोडली ती फक्त वकिली.

यातला बराचसा माल माळेगावच्या यात्रेतला. अहमदपूरहून लोह्याकडे जाताना हे खंडोबाचं गाव लागतं. मार्गशीर्षातली ही यात्रा घोडे, गाढवं आणि उंटांच्या बाजारासाठी नावाजलेली. लोक घोड्याचे दात बघत फिरतात, मी खेळण्यांची पालं धुंडाळतो. काही बाहुले लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतून आले, काही हैदराबादच्या बेगम बाजारातून.

माझी वकिली दोन मुद्द्यांवर उभी होती. पहिला मुद्दा गरिबाच्या पोराचा. कंपनीचा स्पायडरमॅन दीड-दोन हजारांना आणि जत्रेतला पन्नासला, तर मग स्पायडरमॅन काय फक्त पुण्या-मुंबईच्या पोरांनीच खेळवायचा? यावर समोरचा बहुधा गप्प बसायचा. दुसरा मुद्दा जरा भारदस्त होता : ही आजची लोककला आहे! त्याला मी जगाचा दाखला द्यायचो. ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली आला, केनर कंपनीने १९७८ पासून त्याचे बोटभर उंचीचे बाहुले विकले, आणि पुढच्या दशकात तुर्कस्तानात कुणीतरी परवाना न घेता त्यांच्या नकला काढल्या. ‘उझाय’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या नकलांना आज संग्राहक बऱ्याच अस्सल बाहुल्यांपेक्षा जास्त पैसे मोजतात. (फनस्कूलच्या जी. आय. जो बाहुल्यांना काही जण याच पंगतीत बसवतात, ते चूक. ही कंपनी १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून उभी राहिली. रंग विचित्र असले तरी तो माल रीतसर परवान्याचा.)

आणि हुकमाचा एक्का म्हणजे तात्या विंचू. मरता मरता गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. महेश कोठारेंनी १९९३ साली ‘झपाटलेला’ काढला आणि तो बाहुला आपला झाला. मग जत्रेतल्या बाहुल्यालाच नाव का ठेवता, असा माझा सवाल असे.

माझं मत फिरलं ते कुणाच्या उपदेशाने नाही. कपाट आवरताना वेगवेगळ्या वर्षी घेतलेले तीन स्पायडरमॅन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. तिघांची ऐट एकच, डावा गुडघा किंचित वाकलेला. पहिल्याच्या अंगावर जाळ्याच्या रेषा नखाला लागतात. दुसऱ्याच्या रेषांचे नुसते खळगे झालेत आणि हाताची बोटं एकमेकांना चिकटलीत. तिसरा सर्वात बुटका. त्याच्या तोंडावर काहीच नाही, डोळ्यांचा पांढरा रंग घसरून गालावर आलाय आणि काखेपासून घोट्यापर्यंत साच्याच्या जोडाची धारदार कड तशीच राहिलीय. कारण सरळ आहे. अस्सल बाहुल्यावरून साचा काढायचा, मग त्यातून निघालेल्या नकलेवरून पुढचा. प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून दर पिढीला बाहुला लहान होतो आणि नाकडोळे विरत जातात.

लोककला म्हणून मी छाती फुगवून सांगत होतो ती ही! जात्यावरची ओवी एका बाईकडून दुसरीकडे गेली की तिच्यात काहीतरी भर पडते. इथे दर साच्यात वजाबाकी. निळ्या हल्कमध्ये मी रंगाऱ्याची कल्पनाशक्ती पाहिली होती. त्या दिवशी कारखान्यात निळा दाणा शिल्लक असावा, एवढंच. तात्या विंचूही मग माझ्याच विरुद्ध साक्ष देऊ लागला. त्या बाहुल्यामागे रामदास पाध्यांचा हात होता, दिलीप प्रभावळकरांचा तात्या होता, लक्ष्मीकांत बेर्डेंची धांदल होती. कल्पना उसनी होती, पण मेहनत स्वतःची. माझ्या कपाटातल्या बाहुल्यांवर कुणी घटकाभर तरी विचार केल्याची खूण मला सापडत नाही.

गरिबाच्या पोराचा मुद्दा माझ्या पुतणीने निकालात काढला. तिला एक लाईटवाला आयर्न मॅन दिला होता. दुसऱ्याच दिवशी छातीचं झाकण निसटलं आणि आतले बटण सेल फरशीवर घरंगळले. असा सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते. पन्नास रुपयांत त्या पोराला स्पायडरमॅन मिळतो हे खरं, पण तो चार दिवसांत मोडणारा, रंगात काय मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसलेला. यालाच मी न्याय म्हणत होतो.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेव्हा मी त्याला श्रीमंतांचा कायदा म्हटलं होतं. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, हे नंतर कळलं. म्हणजे कारागीर कोण आणि नुसता साचा ओतणारा कोण, हा फरक सरकारी आदेशाने माझ्याआधी ओळखला होता.

तरी मी माळेगावला जाणारच. हे बाहुले म्हणजे आपल्या भागातल्या पोरांनी काय पाहिलं, काय मागितलं आणि त्यांच्या हाती काय पडलं याचा पुरावा आहेत, आणि तो कुठल्याही संग्रहालयात ठेवलेला मी पाहिलेला नाही. तेव्हा लेकरासाठी खेळणं घेणार असाल तर चिन्ह बघा, सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते बघा. आणि माळ्यावर जुना डुप्लिकेट शक्तिमान किंवा सुपरमॅन पडून असेल, तर तो नातवाच्या हाती देऊ नका, भंगारातही घालू नका. कुठल्या जत्रेतला, कोणत्या साली घेतलेला, ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या पायाला बांधून ठेवा.