नामंजुरीचा कागद

स्थूलतेवरील माझ्या शस्त्रक्रियेचा दावा ‘सौंदर्योपचार’ असा शेरा मारून नामंजूर झाल्याचे पत्र आले, त्या रात्री, निद्रेत माझा श्वास थांबतो म्हणून उशाशी जागणारी पत्नी मला जणू प्रथमच दिसली. वैद्यांचा सल्ला असून सौम्य उपाय निष्फळ ठरले असतील, तर विमा नियामकाच्या नियमान्वये देहभारांक 40, किंवा श्वासरोधाची तीव्र व्याधी जडल्यास 35, ग्राह्य असतो. माझा 38 होता. कंपनीने तक्रारही फेटाळली, तेव्हा नारायण पेठेतील विमा लोकपालांच्या कचेरीत, जेथे शुल्क नाही आणि वकिलाची मुभाही नाही, मी अर्ज गुदरला. तपासण्यांचे सारे कागद जोडले. तिच्या जागरणाचा दाखला मात्र कोठून आणावा?