लॅमिंग्टन रोडवरची खरेदी

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. ज्यांचे नाव या रस्त्याला मिळाले ते गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ साली मुंबई सोडून गेले. पुढे रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकरांच्या नावाचा झाला. पण टॅक्सीवाल्याला 'भडकमकर मार्ग' सांगून पाहा, तो आधी तुमच्याकडेच पाहील! आमच्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता ठाऊक तो चित्रपटगृहांसाठी. इथल्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षे मुक्काम ठोकून होता. आज ते मिनर्व्हा नाही. गर्दी आहे ती संगणकांच्या दुकानांत. वायरींची भेंडोळी, फुटपाथवर मांडलेले चार्जर, आणि जिन्याखाली जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या जागेत चाललेली दुरुस्ती.

माझी एम.ए.ची एक विद्यार्थिनी मुरबाडकडची. शिकवण्या करून तिने सात हजार रुपये साठवले होते. तेवढ्यात प्रबंध लिहिण्याजोगा आणि रोजच्या एसटी-लोकलमध्ये पिशवीतून नेता येईल असा हलका लॅपटॉप तिला हवा होता. नवा कुठला यायला? जुने मात्र ढिगाने होते. विंडोज १० चा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, एरवी धडधाकट असलेली यंत्रे पेन्शनीत निघाली.

दुकानदार कच्छी गृहस्थ, पण मराठी अस्सल गिरगावी. "विंडोज फुकट टाकून देतो, मास्तर," ते म्हणाले. फुकट म्हणजे चोरून, हे न कळण्याइतके आम्ही दोघेही भाबडे नव्हतो. मुलीने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. मैत्रिणीच्या संगणकावरून तिने त्यावर लिनक्स उतरवून आणले होते.

लिनक्सचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. तो कुणीही वाचावा, बदलावा, त्याची प्रत शेजाऱ्याला द्यावी, अशी तिथली रीत. आपल्याकडे पोथ्या अशाच उतरून घेत. फरक एवढाच की इथे चूक सापडली तर ती मूळ पोथीतही दुरुस्त होऊ शकते. त्यामुळे शाखा नाना: डेबियन, लिनक्स मिंट, अगदी अशक्त यंत्रांसाठी अँटिएक्स. तरी फार म्हाताऱ्या यंत्राला सगळे थारा देतात असे नाही. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांवर ती नव्याने बसवण्याची सोय बंद केली. स्वस्त मिळतो म्हणून नेटबुक उचलण्याआधी ६४ बिटांचा आहे ना, एवढे विचारावेच.

पेनड्राइव्हची मौज अशी की लॅपटॉपमधल्या डिस्कला हात न लावता लिनक्स त्यावरूनच चालवून पाहता येते; साडीचा रंग दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहावा तसे. पहिला लॅपटॉप मोठा देखणा होता. सुरू झाला, गाणे वाजले, पण वायफाय काही केल्या सापडेना. त्या चिपचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नव्हता. "होऊन जाईल," दुकानदार म्हणाले. तिने तो मिटून परत दिला.

दुसरा कोपरे घासलेला, अकरा इंची. वायफाय लागले. मग खरी परीक्षा. तिचा विषय ठाकरी गाणी; त्यात 'दऱ्या' पानोपानी. तिथे 'दर्या' उमटला तर सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्र यायचा! तिने मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी निवडली. द झाल्यावर शिफ्टसह र ची कळ, मग पायमोडीचे चिन्ह, य आणि काना. पडद्यावर 'दऱ्या' उमटल्या, र च्या त्या इवल्या आडव्या रेघेसकट. ती काहीच बोलली नाही, फक्त तोच शब्द तीनदा लिहून पाहिला.

साडेसहा हजारांवर सौदा आला. बॅटरी दीड तासच टिकते असे कळल्यावर तिने तीनशे उतरवायला लावले. दुकानदारांनी चहा मागवला आणि हळूच मला विचारले, "मास्तर, तो पेनड्राइव्ह जरा देता? एक प्रत करून घेतो."

मी तिच्याकडे बोट दाखवले.

"घ्या की काका," ती म्हणाली, "पण तीनशेचे पाचशे करा."